स्कॅनरचं कपाळ

कोऱ्या जागेवर इतका जीव लावणारा माणूस लातूर-नांदेडच काय, अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी आमच्या दाजींबद्दल छातीठोकपणे सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. लातूरला गंजगोलाई बाजाराच्या मागच्या एका बोळात त्यांचं लेबलं छापायचं दुकान होतं. बिस्किटाच्या पुड्यावर, साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघांचा जो चौकोन असतो ना, बारकोड, तो नीट छापून देणं हा दाजींचा धंदा. धंदा आपलं म्हणायचं. त्यांनी ते व्रतासारखं पाळलं आणि आक्कासकट सगळ्या सासरवाडीला पाळायला लावलं. तुम्हाआम्हाला त्या चौकोनात रेघा दिसतात. दाजींना रेघांच्या डावी-उजवीकडची पांढरी जागा दिसायची. "रेघा कुणीबी काढंल," ते म्हणायचे, "दोन्हीकडं मोकळं सोडायला काळीज लागतंय. मशीनला कळाया पाहिजे की, कुठून सुरू झालं अन् कुठं संपलं."

हे दोन्हीकडचं मोकळं त्यांनी छपाईपुरतं ठेवलं असतं तर आम्ही सुखात राहिलो असतो. पण दाजींचं कुठलंच वेड दुकानाचं शटर ओढल्यावर आत राहत नसे. बसमध्ये तिघांच्या बाकावर मधे बसायची पाळी आली तर ते दोन्ही बाजूंना बोटभर फट राखून, अंग चोरून बसत. शेजारचा सरकला की हेही सरकत आणि सरकायला जागा उरली नाही की उठून उभे राहत. लातूर ते उदगीर असे ते तिकीट काढून कितीदा उभ्यानं गेलेत, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ताटात भाजीचा रस्सा चटणीपर्यंत पोचला की त्यांचा घास हातातच थांबायचा. घराच्या भिंतीवर देवाची एकच तसबीर, बरोबर मधोमध, आणि तिच्या आजूबाजूला खिळासुद्धा ठोकायची बंदी. आक्का माहेरी आली की हे रडगाणं पहिलं निघायचं. "तीस वर्षं झाली ह्या घरात येऊन, एक कॅलेंडर लावू दिलं न्हाई ह्या माणसानं! चतुर्थी कधी हाय ते मी शेजारणीला विचारून राहिले." दाजी त्यावर शांतपणे म्हणायचे, "शेजारीण चुकती का कधी? मग झालं तर."

खांद्याला एक कापडी पिशवी आणि पिशवीत बारकोड वाचणारी हातातली मशीन, म्हणजे स्कॅनर, हा त्यांचा बाहेर पडायचा पोशाख. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी बिस्किटाचा पुडा मागायचे. बिस्किटं आपण खायची, पुडा त्यांना द्यायचा. माझ्या पुतण्यासाठी शिरूर अनंतपाळला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मुलगी पोहे घेऊन आली, सगळे सावरून बसले, मुलीनं आपलं नाव सांगितलं, आणि त्या शांततेत दाजींच्या मांडीवरून 'टूं' असा आवाज आला. मी कोपर मारलं. दाजी पुडा वर धरून मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, हे बगा, पयल्या झटक्यात! छापणाऱ्यानं लई मन लावून छापलंय." मुलीच्या वडिलांना काय वाटलं कोण जाणे, ते आत जाऊन फरसाणाची पिशवी, टूथपेस्ट आणि म्हशीच्या पेंडीचं पोतं असं सगळं घेऊन आले. लग्न जमलं ते मुलामुलीनं एकमेकांना पसंत केलं म्हणून. पण ते व्याही आजही शपथेवर सांगतात की दाजींनी पेंडीच्या पोत्याला नापास केलं तेव्हाच त्यांनी ओळखलं, माणसं खोटं बोलणारी नाहीत.

'पयल्या झटक्यात' हे दाजींच्या जगातलं सगळ्यात मोठं शिफारसपत्र. मशीन समोर धरली की पहिल्याच वेळी वाजली पाहिजे. दुसऱ्यांदा धरल्यावर वाजली तर त्यांच्या लेखी ती वाजलीच नाही. छापलेल्या नव्या लेबलाचे ते जे हाल करत, ते पाहून मला त्या कागदाची दया यायची. नखानं खरवडत, तेलाच्या बोटानं चोळत, नळाखाली धरत, आणि चार दिवस पत्र्यावर उन्हात टाकत. लातूरच्या मे महिन्यात पत्र्यावर चार दिवस काढून जो कागद पहिल्या झटक्यात वाजेल तोच गिऱ्हाइकाच्या हातात पडायचा. गिऱ्हाईक तोवर बेजार होऊन गेलेलं असायचं. बरीच गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जायची आणि वर्षभरानं, लेबलं उडाली की, मुकाट्यानं परत यायची. दाजी त्यांना मागचं एका शब्दानं विचारत नसत. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

मशीनला मात्र ते लेकरासारखं जपायचे. तिची काच पुसायला आक्काच्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ झालेला तुकडाच लागायचा. दाजी दुकानाकडं निघाले की आक्का दांडीवरची लुगडी मोजायची. आधी रबरी फुग्यानं फुंकर मारून धूळ उडवायची, मग फडक्यावर स्पिरिटचा थेंब घ्यायचा, काचेवर नाही, आणि मग हलक्या हातानं एकदाच पुसायचं, असा तो विधी. "काच म्हंजे तिचा डोळा हाय," ते सांगायचे, "आपल्या डोळ्यात कुणी सदऱ्याचं टोक घालतंय का?" एकदा आक्कानं त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या आणायला पाठवलं. औषधाच्या दुकानातला माणूस मशीन वाजत नाही म्हणून ती गल्ल्यावर आपटत होता. दाजींनी त्याच्या हातातून ती काढून घेतली, पिशवीतून फडकं काढलं, काच पुसली, वायरीचा पीळ सोडवला, दोन-तीन बाटल्या वाजवून दाखवल्या आणि समाधानानं घरी आले. गोळ्या तिथंच. आक्कानं त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं आणि त्या दिवशी तिचा स्वतःचा रक्तदाब वाढला.

आता माझ्याविषयी. मी नायगावचा. एका शिकवणीच्या वर्गात पंधरा वर्षं भूगोल शिकवला आणि एक दिवस संचालकाच्या एका वाक्यावर डोक्यात राख घालून घेतली आणि नोकरी सोडून आलो. माझा राग असा आहे; आधी येतो आणि कारण मागून शोधतो. घर चालवायचं माझ्या बायकोनं, मंगलनं, मनावर घेतलं. तिनं आपल्या हिमतीवर लाकडी घाणा टाकला, करडईच्या तेलाचा. गावातल्या दोन बायका मदतीला घेतल्या. तेल इतकं चांगलं निघायला लागलं की नांदेडच्या एका मोठ्या मॉलनं माल मांडायला एक फळी द्यायची तयारी दाखवली. ती फळी मिळाली तर घाणा वर्षभर फिरणार होता, नाही तर चार महिन्यांत बंद. मंगलचं सगळं त्या फळीवर होतं. आणि लेबल करायचं काम माझ्याकडं आलं, कारण मला नकाशे काढायची सवय.

मी काढलेलं लेबल काय वर्णावं! पिवळ्या जमिनीवर करडईचं फूल, चारी बाजूंनी नक्षी, आणि बारकोडसुद्धा फुलाच्या केशरी-लाल रंगात, नक्षीला खेटून. घरात सगळ्यांनी वाहवा केली. मॉलवाल्यांनी पहिला माल दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत पाठवला. गल्ल्यावर एकही बाटली वाजली नव्हती. वर निरोप, की अजून एकदाच घेऊ, परत असं झालं तर फळी दुसऱ्याला. मी मॉलच्या मशीनला, माणसांना आणि नांदेडच्या हवेला नावं ठेवत एक बाटली घेऊन लातूर गाठलं. दाजींनी बाटली हातात घेतली, फिरवली, आणि मिठाईच्या डब्यावरचा लाल जिलेटीनचा कागद आणून माझ्या लेबलावर धरला. रेघा गायब. लाल कागदाखाली नुसतं कोरं दिसत होतं.

"मेव्हणं, मशीनचा उजेड लाल," दाजी म्हणाले. "तिला तुमचं हे असं दिसून राहिलं. ती बिचारी काय वाचंल?"

"पण दाजी, शोभा कशी आलीय ते बघा ना."

"शोभा वरल्या अंगाला करा की. फूल काढा, मोर काढा. ही जागा मशीनची हाय. हितं पांढऱ्यावर काळं, अन् दोन्हीकडं मोकळं."

मग त्यांनी दोन दिवस माझी शिकवणी घेतली. बाटली गोल असली की रेघा उभ्या काढायच्या नाहीत, कडेच्या रेघा वळून पलीकडं जातात. शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या काढायच्या, म्हणजे प्रत्येक रेघेचा थोडा थोडा तुकडा समोर राहतो. नुसत्या उष्णतेनं उमटणारा कागद तेलाच्या बाटलीला चालत नाही, तेल लागलं की छाप उडते; शाईच्या फितीनं छापायचं. बाटली कोरडी पुसून मगच चिकटवायचं. पंधरा वर्षं पोरांना शिकवलेला मी, पहिल्यांदा कुणासमोर वही घेऊन बसलो. निघताना त्यांनी लेबलांचे रोल दिले आणि पिशवीतली ती मशीन, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, माझ्या हातावर ठेवली. "प्रत्येक बाटली वाजवून पाठवा," म्हणाले. "माझ्याकडं दुसरी हाय." दुसरी नव्हती, हे मला आक्काकडून महिन्यानं कळलं.

सगळ्या बाटल्यांना नवी लेबलं लागली, सगळ्या पहिल्या झटक्यात वाजल्या आणि तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडं खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा असते. घाणा, तराजू, पाने, विळी, कॉम्प्युटर, सगळ्यांना मंगलनं हळदीकुंकू लावलं. मग ताम्हन घेऊन ती दाजींच्या मशीनपाशी थांबली. "हिला कुठं लावू? हिला कपाळच न्हाई." मी पूजेच्या भरात होतो. मशीन उचलली, तिची काच मंगलसमोर धरली आणि म्हणालो, "हे काय कपाळ. लाव हितं." मंगलनं भक्तिभावानं आधी हळद, मग कुंकू, वर दोन अक्षता असं सगळं काचेवर टेकवलं. दसऱ्याला मी आपट्याची पानंही वाहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माल पाठवायच्या आदल्या दिवशी, मी शेवटचं म्हणून मशीन बाटलीसमोर धरली. आवाज नाही. दुसरी बाटली, तिसरी, विसावी. एकही वाजेना. मशीनकडं बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण डोकं जागेवर नव्हतं. दाजींची लेबलं उडाली, एवढंच मला दिसलं. मी बाटल्यांवरची लेबलं ओरबाडायला सुरुवात केली. मंगल हात धरत होती, बायका "भाऊ, थांबा की" म्हणत होत्या, आणि एकीकडं लेबलं काढत दुसरीकडं मी लातूरला फोन लावला. त्या फोनवर मी काय बोललो ते इथं लिहिणार नाही. एवढंच लिहितो की "तुमच्या त्या कोऱ्या कागदानं माझ्या घराचं वाटोळं केलं," हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य होतं. आक्काच्या नवऱ्याशी, बापाच्या जागी असलेल्या माणसाशी, मी असं बोललो. पलीकडून दाजी पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "बरं. येतो."

दोन बस बदलून ते दुपारी बाराच्या सुमाराला उतरले. घामानं सदरा भिजलेला, पिशवी छातीशी धरलेली. तोवर मी एकशे चाळीस बाटल्या सोलून ठेवल्या होत्या. दाजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मशीन मागितली, उजेडाकडं धरली आणि बराच वेळ बघत राहिले. त्या लाल-पिवळ्या काचेवर अक्षतेचा एक दाणा अजून चिकटलेला होता. मला तेव्हा कळलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय, ते मला आमच्या घाण्याच्या खोलीत कळलं. दाजींनी आधी त्या मशीनला हात जोडले. मग फुग्यानं फुंकर मारली, तो अक्षतेचा दाणा खाली पडू न देता तळहातावर झेलला आणि मंगलच्या हातात दिला. स्पिरिटचा थेंब, लुगड्याचं फडकं, एक हलका हात. एक न सोललेली बाटली घेतली. टूं.

मी जमिनीवरच्या लेबलांच्या कचऱ्याकडं बघत उभा. दाजी माझ्याकडं न बघता मंगलला म्हणाले, "पूजा झाली ते बरंच झालं, पोरी. जागा तेवढी चुकली. चला, फडकी आणा."

पिशवीतून त्यांनी जादा छापलेला रोल काढला. असा एक रोल त्यांच्याजवळ कायमच असायचा. मग आम्ही सगळे ओळीनं बसलो. बाटल्यांवर डिंक राहिला होता. तो काढायला मी शहाणपणानं करडईचं तेल लावलं तर दाजी पहिल्यांदा किंचाळले, "आरं तेल नगं, तेल नगं! चिकटंल का मग काही?" दिवसभरात ते माझ्यावर ओरडले ते एवढंच. ऊन उतरायच्या आत सगळ्या बाटल्या परत कपडे घालून उभ्या होत्या, आणि प्रत्येक वाजलेली. मंगल देवापाशी एक नारळ फोडून आली आणि दाजींच्या पाया पडली. मला तेही सुचलं नाही. मी बाटल्या खोक्यात भरत राहिलो, म्हणजे कुणाला नजर द्यायला नको.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर नांदेडला आले. मॉलच्या मागच्या दारात माल उतरवून घेणारा माणूस होता. त्यानं प्रत्येक खोक्यातली एक बाटली काढून मशीनपुढं धरली. अकरा खोकी, अकरा आवाज, एकदाही हात परत उचलावा लागला नाही. त्यानं कागदावर सही केली आणि फळी आमची झाली. मी तो कागद खिशात घातला. बाजूला बघतो तर दाजी त्या माणसाला अजिजीनं विचारत होते, "साहेब, तुमच्या मशीनची काच लई मळलीय. पुसू का जरा? दोन मिन्टांचं काम हाय."

लातूरला परत जाण्याआधी त्यांनी घरच्या मशीनच्या पाठीवर एक कोरं पांढरं लेबल चिकटवलं आणि त्याच्या मधोमध पेनानं रुपयाएवढं गोल काढलं. "हे हिचं कपाळ," ते मंगलला म्हणाले. "दरसाल हितं लावायचं." त्या गोलाच्या दोन्ही बाजूंना अर्थातच मोकळी जागा सोडलेली होती.

या गोष्टीला चार वर्षं झाली. घाणा बाराही महिने फिरतो. घरात गोडधोड होतं, मंगल चार माणसांत ताठ मानेनं वावरते, आणि मी पुन्हा कुणाच्या दारात नोकरी मागायला गेलो नाही. हे सगळं त्या माणसानं बसमध्ये उभं राहून आमच्यासाठी आणलं. दाजींनी मागच्या वर्षी दुकान आवरलं. हात थरथरतो आणि दोन्ही कान जवळजवळ गेलेत. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी त्यालाही नापास केलं. यंदा दसऱ्याला मी त्यांना आणि आक्काला नायगावला घेऊन आलो. मशीनच्या कपाळावर तीन वर्षांच्या कुंकवाचा थर बसला होता. त्यावर त्यांनी थरथरत्या बोटानं चौथं लावलं आणि काचेवर कण पडला नाही ना, हे उजेडाकडं धरून पाहिलं. मग म्हणाले, "नांदेडला जाऊ. आपली बाटली गल्ल्यावर जाताना बगायचीय."

घरात तेलाचे डबे भरलेले असताना आम्ही मॉलमध्ये आमचीच एक बाटली घेऊन रांगेत उभे राहिलो. पुढं पाच-सहा माणसं होती. माझ्या मनात चार वर्षं जे अडकून बसलं होतं ते मी तिथं, त्या रांगेत, बोललो. "दाजी, त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते... मला माफ करा." दाजींनी माझ्याकडं पाहिलं आणि हसून मान हलवली, ऐकू न आलेला माणूस हलवतो तशी. मी परत, मोठ्यानं बोललो. रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली. दाजींची नजर गल्ल्यावरच्या मुलीच्या हाताकडं लागलेली. माझा तो फोन त्यांच्या कानांनी शब्दन् शब्द ऐकला होता, आणि आता माफी तेवढी तिथवर पोचत नव्हती.

आमची पाळी आली तसे ते माझ्याकडं झुकले. "मला ऐकू यायचं न्हाई," म्हणाले. "वाजलं की सांगा. खरं सांगा."

मी त्यांचं मनगट हातात धरलं. ते अगदी हलकं झालं होतं. मुलीनं बाटली उचलली, मशीनपुढून नेली, 'टूं' वाजलं आणि मी मनगट दाबलं.

दाजी क्षणभर थांबले. दुसऱ्यांदा दाबतो की काय, याची वाट बघत असावेत. मी दाबलं नाही. नुसतं धरून ठेवलं.

"पयल्या झटक्यात?"

मी मान हलवली. त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या हातावर थोपटलं आणि बाटली पिशवीत ठेवली, लेबल वरच्या बाजूला येईल अशी.